ट्यूबमध्ये काहीच दिसलं नाही तर? रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांसाठी

रक्तपेढीच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा बसणाऱ्याला रक्तगट तपासण्याचं आणि रक्त जुळवण्याचं काम सोपं वाटतं. थेंब टाका, फिरवा, हलवा, बघा. लाल पेशींचे गोळे झाले तर पॉझिटिव्ह, नाही झाले तर निगेटिव्ह. पहिले काही आठवडे सगळं लक्ष गोळे ओळखण्यावर जातं आणि ते यायलाच हवं. पण पॉझिटिव्ह ट्यूब आपणहून लक्ष वेधून घेते. रुग्णाला घात करते ती काहीच न दिसणारी ट्यूब. प्लाझ्मात (रक्ताच्या द्रव भागात) अँटिबॉडी, म्हणजे परक्या पेशींना चिकटणारं प्रथिन, नव्हती म्हणून ती शांत राहिली, की थेंब टाकायचा राहिला, पेशी जुन्या होत्या, धुणं अपुरं पडलं म्हणून? डोळ्यांना दोन्ही ट्यूब अगदी एकसारख्या दिसतात.

खालच्या बहुतेक पायऱ्या हा फरक कळावा म्हणूनच ठरलेल्या आहेत. हे लक्षात ठेवून वाचलंत तर नियम पाठ करावे लागणार नाहीत. मी दिलेल्या वेळा आणि प्रमाणं सर्वसाधारण आहेत. तुमच्या रिएजंटच्या (चाचणीसाठीच्या तयार द्रावणाच्या किंवा पेशींच्या) पत्रकात आणि तुमच्या प्रयोगशाळेच्या लेखी पद्धतीत जे असेल तेच तिथे चालेल.

आधी पेशी समजून घ्या

प्रौढ लाल पेशीत केंद्रक नसतं. ती शरीरात सुमारे 120 दिवस जगते आणि तिच्या पृष्ठभागावर शेकडो प्रकारचे अँटिजेन, म्हणजे अँटिबॉडी ज्यांना ओळखते त्या खुणा, असतात. त्यांची विभागणी आज 45हून अधिक रक्तगट प्रणालींमध्ये झाली आहे. पहिली प्रणाली, म्हणजे एबीओ, कार्ल लँडस्टायनर यांनी 1901 साली मांडली. आजही रक्त देताना सगळ्यात जास्त धोका तिच्यातच आहे. कारण ए किंवा बी अँटिजेन आपल्याकडे नसेल तर त्याविरुद्धची अँटिबॉडी रक्तात आधीपासून तयार असते. त्यासाठी आधी रक्त घेतलेलं असावं लागत नाही की गरोदरपण यावं लागत नाही. बाकीच्या बहुतेक प्रणालींत मात्र परक्या पेशी एकदा तरी शरीरात गेल्यानंतरच अँटिबॉडी बनते.

लाल पेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, त्यामुळे त्या एकमेकींपासून अंतर राखतात. आयजीएम प्रकारची अँटिबॉडी मोठी, पाच जोड घटकांची. ती हे अंतर ओलांडून दोन पेशींना धरते, म्हणून सलाईनमध्ये, खोलीच्या तापमानालाच गोळे दिसतात. ए आणि बीविरुद्धच्या अँटिबॉडी मुख्यतः अशा असतात. आयजीजी लहान असते. ती पेशीला चिकटते, पण दुसऱ्या पेशीपर्यंत तिचा हात सहसा पोहोचत नाही. म्हणजे पेशीवर अँटिबॉडी बसलेली आहे आणि ट्यूबमध्ये काहीच दिसत नाही. ही अडचण 1945 साली कूम्ब्स, मूरंट आणि रेस यांनी सोडवली. मानवी आयजीजीविरुद्धची अँटिबॉडी, म्हणजे अँटिह्यूमन ग्लोब्युलिन, वरून टाकली की ती चिकटलेल्या आयजीजींना एकमेकींशी जोडते आणि गोळे दिसू लागतात. आपण रोज ज्याला कूम्ब्स म्हणतो ती हीच चाचणी.

पायरी 1: नमुना हातात आला की

आधी नाव बघा, रक्त नंतर. रुग्णाचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, नमुना घेतल्याची तारीख व वेळ, घेणाऱ्याची सही; लेबल आणि मागणीपत्र यांत एका अक्षराचाही फरक असेल तर नमुना परत करा. दुरुस्त करून घेऊ नका, फोनवर विचारून स्वतः नाव बदलू नका. नवा नमुना मागवा. समोरची व्यक्ती चिडेल, घाई असल्याचं सांगेल, खरोखर घाई असेलही. तरीही परत करा. एका रुग्णाच्या नावाच्या ट्यूबमध्ये दुसऱ्याचं रक्त आलं तर पुढची प्रत्येक चाचणी तांत्रिकदृष्ट्या अचूक येईल आणि तरीही चुकीच्या रुग्णाला चुकीचं रक्त जाईल. कोणतंही रिएजंट ही चूक पकडू शकत नाही. ती पकडायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: जुन्या नोंदीशी गट ताडून पाहा आणि नोंद नसेल तर वेगळ्या वेळी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यावर गट पुन्हा करा. पहिल्याच वेळी आलेल्या रुग्णासाठी दुसरा नमुना मागणं हा छळ नाही, ती त्या रुग्णाची गरज आहे.

नमुना साधारणपणे ईडीटीएच्या ट्यूबमध्ये घेतात. त्यात हेमोलिसिस झालेला असेल, म्हणजे प्लाझ्मा लालसर दिसत असेल, तर थांबा. चाचणीत पेशी फुटणं हीही पॉझिटिव्ह प्रतिक्रियाच असते. नमुनाच आधीपासून लाल असेल तर ती ओळखता येत नाही. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून त्यात कॉम्प्लिमेंट (अँटिबॉडी बसलेल्या पेशी फोडणारी रक्तातली प्रथिनं) चालत नाही. डायरेक्ट कूम्ब्ससाठी, म्हणजे रुग्णाच्या पेशींवर शरीरातच काही बसलंय का ते पाहणाऱ्या चाचणीसाठी, हे सोयीचं आहे, कारण नमुना ठेवला तरी पेशींवर नव्याने कॉम्प्लिमेंट बसत नाही.

गेल्या 3 महिन्यांत रुग्णाला रक्त दिलं असेल, किंवा ती गरोदर असेल वा या काळात होती, तर नमुना 3 दिवसांपेक्षा जुना वापरत नाहीत. अशा शरीरात अँटिबॉडी नव्याने बनत असू शकते. चार दिवसांपूर्वीचा प्लाझ्मा आजच्या रुग्णाबद्दल सांगू शकत नाही. म्हणून रक्त दिल्याचा आणि गरोदरपणाचा इतिहास विचारल्याशिवाय नमुना स्वीकारू नका.

पायरी 2: सेल सस्पेन्शन

सस्पेन्शन म्हणजे सलाईनमध्ये मिसळलेल्या लाल पेशी. नवख्यांकडून सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं आणि विचित्र निकालांचं मूळ बऱ्याचदा इथेच सापडतं.

ट्यूब पद्धतीसाठी 2 ते 5 टक्के सस्पेन्शन लागतं. 5 टक्के म्हणजे धुतलेल्या घट्ट पेशींचा एक भाग आणि सलाईनचे 19 भाग. जेल कार्डासाठी (ट्यूबऐवजी जेल भरलेल्या नळ्यांचं कार्ड) 0.8 टक्के, तेही कार्ड बनवणाऱ्याने सांगितलेल्या द्रावणातच. सस्पेन्शन दाट झालं तर तेवढीच अँटिबॉडी जास्त पेशींवर विभागली जाते. प्रत्येक पेशीच्या वाट्याला कमी येते आणि अशक्त अँटिबॉडी हातातून निसटते. फार पातळ झालं तर वाचायला पेशीच पुरत नाहीत. सुरुवातीला अंदाज बसेपर्यंत तयार रिएजंट पेशींची बाटली नीट हलवून तिचा रंग आणि आपल्या ट्यूबचा रंग पांढऱ्या कागदासमोर शेजारी धरून पाहा. रोज पाहिलंत की नजर तयार होते.

सलाईन ताजं असावं. बरेच दिवस साठवलेलं सलाईन आम्लधर्मी होत जातं आणि आम्लधर्मी सलाईनने धुताना पेशीवरची अँटिबॉडी सुटू शकते.

रिएजंट पेशी म्हणजे चाचणीचा निम्मा भाग, त्यांची रोज तपासणी करा. त्या 2 ते 8 अंशांवर ठेवतात, कधीही गोठवत नाहीत, गोठल्या की फुटतात. त्यांची मुदत काही आठवड्यांचीच असते आणि मुदतीच्या आतही काही अँटिजेन क्षीण होतात. वरचं द्रव लाल दिसत असेल तर बाटली वापरू नका. दिवसाचं पहिलं काम क्वालिटी कंट्रोल: अँटी-ए ए पेशींशी जोरात लागतो का आणि बी पेशींशी शांत राहतो का, अँटी-डी डी-पॉझिटिव्ह पेशी (आरएच प्रणालीतला डी अँटिजेन असलेल्या) पकडून डी-निगेटिव्ह सोडतो का, ओळखीची अशक्त अँटिबॉडी स्क्रीनिंग पेशींवर (अँटिबॉडी शोधायच्या पेशी, पायरी 4) दिसते का. मला यातली शेवटची तपासणी सर्वांत मोलाची वाटते. जोरदार अँटिबॉडी तर बिघडलेल्या रिएजंटनेही सापडते.

पायरी 3: रक्तगट, दोन्ही बाजूंनी

फॉरवर्ड ग्रुपिंगमध्ये रुग्णाच्या पेशी आणि आपले अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी. रिव्हर्समध्ये रुग्णाचा प्लाझ्मा आणि आपल्या ए, बी, ओ पेशी. दोन्ही एकमेकांना पडताळतात. ए गटाच्या पेशी असतील तर प्लाझ्मात अँटी-बी हवीच. दोन्ही बाजूंचं जुळल्याशिवाय गट जाहीर होत नाही.

ट्यूबमध्ये आधी अँटिसिरम किंवा प्लाझ्मा टाका, सगळ्या ट्यूबमध्ये तो पडलाय हे डोळ्यांनी पाहा, मगच पेशी टाका. अँटी-ए निळा आणि अँटी-बी पिवळा असतो, तो याच सोयीसाठी. उलटं केलंत तर पेशींच्या रंगात रिकामी राहिलेली ट्यूब कळत नाही आणि ती पुढे निगेटिव्ह म्हणून नोंदली जाते.

सेंट्रिफ्यूज झाल्यावर ट्यूब हळू तिरकी करून पेशींचं बटण सुटताना पाहा. जोरात झटकली तर अशक्त गोळे मोडतात. एकच घट्ट गोळा आणि स्वच्छ पार्श्वभूमी म्हणजे 4+. काही मोठे तुकडे 3+. मध्यम तुकडे, स्वच्छ पार्श्वभूमी 2+. बारीक गोळे आणि गढूळ लाल पार्श्वभूमी 1+. काही पेशींचे गोळे आणि बाकीच्या मोकळ्या असं चित्र असेल तर मिक्स्ड फील्ड लिहा. ते बहुधा दोन व्यक्तींच्या पेशी एकत्र असल्याचं लक्षण असतं, नुकतंच रक्त दिल्यावर हमखास दिसतं. वाचलं की त्याच क्षणी लिहा. सहा ट्यूब वाचून मग आठवून लिहिण्याची सवय लागूच देऊ नका.

दात्याची डी चाचणी निगेटिव्ह आली तर ती कूम्ब्सपर्यंत नेऊन वीक डी, म्हणजे अशक्त डी अँटिजेन, शोधतात आणि सापडल्यास पिशवीवर पॉझिटिव्ह लिहितात, कारण तसं रक्त डी-निगेटिव्ह रुग्णात अँटी-डी तयार करू शकतं. या चाचणीसोबत कंट्रोल ट्यूब लावायलाच हवी. पेशींवर आधीच आयजीजी असेल तर सगळंच पॉझिटिव्ह दिसेल.

फॉरवर्ड-रिव्हर्स जुळलं नाही तर

घाबरू नका, आणि जास्त पटणारी बाजू निवडून मोकळेही होऊ नका. आधी तोच नमुना, नव्याने धुतलेल्या पेशी, तीच चाचणी पुन्हा. बऱ्याचशा विसंगती इथेच मिटतात. मग रुग्णाचं वय, आजार, दिलेलं रक्त विचारा.

अपेक्षित प्रतिक्रिया आलीच नाही तर पहिला संशय कमी अँटिबॉडीचा. नवजात बाळाची स्वतःची अँटी-ए, अँटी-बी तयार झालेली नसते, म्हणून पहिले 4 महिने रिव्हर्स ग्रुपिंगला अर्थ नसतो. फार वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णातही हे दिसतं. रिव्हर्सच्या ट्यूब थोडा वेळ खोलीच्या तापमानाला, गरज पडल्यास 4 अंशांवर ठेवून पाहतात, पण सोबत ओ पेशी आणि रुग्णाच्या स्वतःच्या पेशी लावूनच. नाहीतर थंडीत लागणारी निरुपद्रवी अँटिबॉडी फसवते.

जास्तीची प्रतिक्रिया आली तर कारणं वेगळी. प्लाझ्मातली प्रथिनं वाढलेली असतील तर पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या रचल्या जातात. प्लाझ्मा काढून तेवढंच सलाईन टाकलं की या चळती मोडतात, खरे गोळे टिकतात. नाळेच्या रक्तात चिकट जेली मिसळलेली असते, पेशी अनेकदा धुवा. ए2 गटाच्या (ए गटाचा एक उपप्रकार; नेहमीचा तो ए1) व्यक्तीत अँटी-ए1 असू शकते. त्या व्यक्तीच्या पेशी कुळथाच्या बियांपासून काढलेल्या लेक्टिनशी (ठरावीक अँटिजेनला चिकटणारं वनस्पतीतलं प्रथिन) लागत नाहीत, आणि तिच्या प्लाझ्माने ए2 पेशी शांत राहतात.

एक विसंगती अशी आहे की ती ओळखता आलीच पाहिजे. फॉरवर्डमध्ये अगदी साधा ओ गट. रिव्हर्समध्ये ए आणि बी पेशी जोरात, आणि ओ पेशीही तितक्याच जोरात. हा बॉम्बे गट असू शकतो. मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना तो आढळला आणि 1952 साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. या व्यक्तींच्या लाल पेशींवर एच अँटिजेनच (ए आणि बी ज्यावर बनतात तो पाया, ओ पेशींवरही असतो) नसतो आणि प्लाझ्मात प्रभावी अँटी-एच असते, म्हणून ओ गटाचं रक्तही त्यांना चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचंच चालतं. अँटी-एच लेक्टिनने पेशी तपासल्या की कळतं. रिव्हर्समध्ये ओ पेशींची ट्यूब लावायचा कंटाळा करणाऱ्याला हा रुग्ण ओ गटाचाच दिसणार.

विसंगती सुटेपर्यंत रक्ताची तातडी असेल तर ओ गटाच्या लाल पेशी देतात, पण बॉम्बेचा संशय दूर झाल्यावरच.

पायरी 4: अँटिबॉडी स्क्रीनिंग आणि कूम्ब्स

रुग्णाचा प्लाझ्मा दोन किंवा तीन ओ गटाच्या, अँटिजेन माहीत असलेल्या पेशींशी लावायचा. ओ गटच का, तर अँटी-ए आणि अँटी-बी मध्ये येऊ नयेत म्हणून. वेगवेगळ्या दात्यांच्या पेशी एका बाटलीत मिसळून रुग्णाचं स्क्रीनिंग करत नाहीत. अशक्त अँटिबॉडीला तिचा अँटिजेन मोजक्याच पेशींवर सापडतो आणि बाकीच्या गर्दीत ती प्रतिक्रिया बुडते.

ट्यूब पद्धतीत साधारण दोन थेंब प्लाझ्मा आणि एक थेंब पेशी. 37 अंशांवर साध्या सलाईनमध्ये 30 ते 60 मिनिटं, एलआयएसएस (कमी क्षारांचं खास सलाईन) वापरलं तर 10 ते 15 मिनिटं. एलआयएसएसमध्ये क्षारांचं प्रमाण कमी असल्याने अँटिबॉडी पेशीवर लवकर बसते. पण प्लाझ्मा उगाच जास्त टाकलात तर क्षार वाढतात आणि तो फायदा जातो.

आता धुणं. तीन ते चार वेळा, पूर्ण ट्यूब भरून, दर वेळी सगळं सलाईन ओतून. ट्यूबमध्ये न चिकटलेलं आयजीजी प्रचंड असतं. त्यातलं थोडंही मागे राहिलं तर नंतर टाकलेलं अँटिह्यूमन ग्लोब्युलिन त्याच्याशीच बांधलं जातं, पेशीपर्यंत पोहोचतच नाही. परिणाम, पेशीवर अँटिबॉडी असतानाही निगेटिव्ह निकाल. धुणं सुरू केल्यावर मध्ये उठू नका. थांबलात तर सैल बसलेली अँटिबॉडी सुटून जाते. शेवटचं धुणं झालं की लगेच ग्लोब्युलिन टाका, फिरवा, वाचा.

आणि मग प्रत्येक निगेटिव्ह ट्यूबमध्ये चेक सेल्स टाका. या आयजीजी मुद्दाम चढवलेल्या पेशी असतात. ट्यूबमध्ये ग्लोब्युलिन पडलं असेल आणि ते शाबूत असेल तर आता गोळे दिसायलाच हवेत. दिसले, तरच आधीचं निगेटिव्ह ग्राह्य. नाही दिसले तर ती चाचणी झालीच नाही असं समजा आणि पहिल्यापासून करा. थोडं ग्लोब्युलिन वरून टाकून भागवता येत नाही. निगेटिव्ह असण्याचा पुरावा ट्यूबकडूनच मागणारी ही पायरी मला या सगळ्या कामात सगळ्यात सुंदर वाटते. पण ती धुणं आणि ग्लोब्युलिन यांचीच साक्ष देते. प्लाझ्मा टाकायचा राहिला असेल तर चेक सेल्स तरीही लागतील. थेंब डोळ्यांनी पाहण्याला म्हणूनच पर्याय नाही.

जेल कार्डात धुवावं लागत नाही. प्लाझ्मा वर राहतो, फक्त पेशी जेलमधून खाली जातात. गोळे जेलमध्ये अडकतात, मोकळ्या पेशी तळाला बटण करतात. त्यामुळे चेक सेल्सही नसतात, पण थेंब राहण्याचा धोका तिथेही आहेच.

पायरी 5: स्क्रीनिंग पॉझिटिव्ह आलं

आता अँटिबॉडी कोणती हे शोधायचं. यासाठी बहुधा 11 पेशींचं पॅनल (अँटिजेन माहीत असलेल्या पेशींचा संच) आणि सोबत रुग्णाचा प्लाझ्मा त्याच्याच पेशींशी, म्हणजे ऑटो कंट्रोल.

एक उदाहरण घेऊ. आधी रक्त घेतलेली, मुलं झालेली स्त्री. तीन स्क्रीनिंग पेशींपैकी पहिली 2+, दुसरी शांत, तिसरी 1+. सगळं फक्त कूम्ब्सच्या टप्प्यावर. ऑटो कंट्रोल निगेटिव्ह, म्हणजे अँटिबॉडी परक्या अँटिजेनविरुद्ध आहे. पॅनलवर काही पेशी 2+, काही 1+, बाकी शांत.

सुरुवात शांत पेशींपासून करायची. ज्या पेशीवर एखादा अँटिजेन आहे आणि तरी ती लागली नाही, त्या अँटिजेनची अँटिबॉडी खोडायची. पण जपून. किड, डफी, एमएनएस या प्रणालींत अँटिजेन दोन्ही पालकांकडून आलेला असेल तर पेशीवर जास्त असतो, एकाकडूनच आला तर कमी. अशक्त अँटिबॉडी दुहेरी पेशीवर दिसते आणि एकेरीवर हुलकावणी देते. म्हणून खोडायचं ते दुहेरी पेशीवरूनच. या उदाहरणात खोडाखोड झाल्यावर किड-ए (किड प्रणालीतला अँटिजेन) आणि केल (दुसऱ्या एका प्रणालीतला) यांच्याविरुद्धच्या अँटिबॉडी उरतात. 2+ लागलेल्या सगळ्या पेशी किड-एसाठी दुहेरी निघतात, 1+ लागलेल्या एकेरी. पॅपेन हे एन्झाइम वापरलेल्या पेशींवर प्रतिक्रिया वाढते. डफी असती तर एन्झाइमने तिचा अँटिजेन नष्ट होऊन प्रतिक्रिया गेली असती. किडची वाढते. केल असलेली पण किड-ए नसलेली पेशी शोधून लावली, शांत राहिली, केल खोडली.

तरीही इथे थांबायचं नाही. किड-ए असलेल्या किमान 3 पेशी लागल्या आणि नसलेल्या किमान 3 शांत राहिल्या असं दिसायला हवं. सहा पेशींत नेमक्या याच तीन योगायोगाने लागण्याची शक्यता 20 पैकी 1 असते, त्यावरून हा आकडा आला आहे. शेवटी रुग्णाच्या स्वतःच्या पेशींवर किड-ए तपासा. तो नसायला हवा. असेल तर सगळा तर्क पुन्हा पाहा. मात्र 3 महिन्यांत रक्त दिलेलं असेल तर नमुन्यात दात्याच्याही पेशी असतात आणि ही तपासणी फसवी ठरते.

किड हे उदाहरण मी मुद्दाम घेतलं. ही अँटिबॉडी काही महिन्यांत इतकी उतरते की स्क्रीनिंग निगेटिव्ह येतं. मग त्या रुग्णाला किड-ए असलेलं रक्त गेलं तर शरीराला जुनी ओळख पटते, काही दिवसांत अँटिबॉडी उसळते आणि पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत दिलेल्या पेशी फुटू लागतात. हिमोग्लोबिन पुन्हा खाली, कावीळ, ताप. तेव्हा एकदा सापडलेली अँटिबॉडी कायमची मानायची. नोंद पक्की करा, रुग्णाला लेखी कार्ड द्या आणि ते प्रत्येक रुग्णालयात दाखवायला सांगा. दुसऱ्या गावी, दुसऱ्या प्रयोगशाळेत त्या माणसाला वाचवणारा तो एकच कागद असू शकतो.

पायरी 6: क्रॉसमॅच

दात्याच्या पेशी, रुग्णाचा प्लाझ्मा. स्क्रीनिंग निगेटिव्ह आणि अँटिबॉडीचा जुना इतिहास नसेल तर अनेक ठिकाणी लगेच फिरवून वाचलेला क्रॉसमॅच पुरतो. त्याचं काम एबीओची चूक पकडणं. अँटिबॉडी असेल किंवा कधी होती, तर अँटिजेन नसलेली पिशवी निवडून कूम्ब्सपर्यंतचा क्रॉसमॅच.

किती पिशव्या तपासाव्या लागतील याचा हिशोब आधी करा. समजा एक अँटिजेन 25 टक्के दात्यांमध्ये नसतो आणि दुसरा 50 टक्के दात्यांमध्ये नसतो. दोन्ही नसलेले दाते 0.25 गुणिले 0.50, म्हणजे 12.5 टक्के, आठात एक. दोन पिशव्या हव्या असतील तर सरासरी सोळा तपासाव्या लागतील. डॉक्टरांना हे आकड्यात सांगा. "वेळ लागेल" याने शस्त्रक्रियेचं नियोजन होत नाही.

क्रॉसमॅच जुळला म्हणजे रक्त निर्धोक झालं असं मात्र नाही. उतरलेली किड त्यात दिसत नाही. डी गटाची चूकही, रुग्णात अँटी-डी नसेल तर, त्यात दिसत नाही.

डायरेक्ट कूम्ब्स

आतापर्यंत आपण प्लाझ्मातली अँटिबॉडी शोधत होतो. इथे रुग्णाच्या पेशींवर शरीरातच काही बसलंय का ते पाहायचं. पेशी धुवा, ग्लोब्युलिन टाका, वाचा. पॉझिटिव्ह आलं तर आयजीजी आणि सी3डी (कॉम्प्लिमेंटचा तुकडा) वेगळे तपासा. स्वतःच्याच पेशींविरुद्ध अँटिबॉडी, आईची अँटिबॉडी बाळाच्या पेशींवर, काही औषधं, नुकत्याच दिलेल्या रक्तावरची प्रतिक्रिया अशी कारणं असू शकतात. निरोगी माणसातही क्वचित पॉझिटिव्ह येतं, म्हणून रुग्णाची स्थिती कळल्याशिवाय अर्थ लावू नका.

औषधांचा इतिहास आता आणखी एका कारणासाठी विचारावा लागतो. मायलोमासाठी (एक रक्ताचा कर्करोग) दिलं जाणारं डाराट्युम्युमॅब सीडी38 या प्रथिनाला चिकटतं. ते थोड्या प्रमाणात लाल पेशींवरही असतं. त्यामुळे कूम्ब्सच्या टप्प्यावर पॅनलमधली प्रत्येक पेशी लागते. रिएजंट पेशींवर डीटीटी हे रसायन वापरलं की हा अडथळा जातो, पण डीटीटीने केल अँटिजेनही नष्ट होतात. म्हणून अशा रुग्णाला केल-निगेटिव्ह रक्त देतात. औषध सुरू होण्यापूर्वीच गट, स्क्रीनिंग आणि पेशींवरचे अँटिजेन नोंदवून ठेवले तर पुढचे दिवस सोपे जातात.

इम्युनॉलॉजीच्या टेबलावरच्या लाल पेशी

तुम्हाला तिकडे काम लागलं तर तत्त्व ओळखीचंच असेल, फक्त पेशी बहुधा प्राण्यांच्या असतात. मेंढीच्या पेशींवर अँटिबॉडी चढवून रुग्णाच्या सिरममधलं कॉम्प्लिमेंट किती पेशी फोडतं हे मोजलं की सीएच50, म्हणजे कॉम्प्लिमेंटच्या एकूण ताकदीचा आकडा, मिळतं. तिथे नमुना लगेच वेगळा करून गोठवला नाही तर कॉम्प्लिमेंट मरतं आणि आजार नसताना आकडा कमी येतो. सिफिलिसच्या टीपीएचए चाचणीमध्ये लाल पेशींवर जंतूचे अँटिजेन चढवलेले असतात. अँटिबॉडी असेल तर पेशी तळावर चादरीसारख्या पसरतात, नसेल तर मधोमध बटण होतं. म्हणजे इथे बटण निगेटिव्ह. प्लेट वाचनापूर्वी हलली तर दोन्ही सारखंच दिसतं. काहीही न चढवलेल्या पेशींचा कंट्रोल सोबत लावतात. तोही पसरला तर सिरममध्ये मुळात त्या पेशींविरुद्धच अँटिबॉडी आहे आणि निकाल देता येत नाही.

रक्त दिल्यावर तक्रार आली तर

ताप, थंडी, कंबरदुखी, लाल लघवी असा फोन आला की हातातलं काम बाजूला ठेवा. रक्त ताबडतोब थांबवायला सांगा, शीर सलाईनने चालू ठेवायला सांगा. पिशवी नळीसह परत मागवा, नवा नमुना मागवा. पहिलं काम कागदांचं: पिशवी, लेबल, मागणीपत्र, रुग्णाचा हातपट्टा. चूक झाली असेल तर ती बहुधा इथेच सापडते. आणि त्याच नावाच्या गोंधळात दुसऱ्या रुग्णाला चुकीची पिशवी लागलेली नाही ना हेही त्याच क्षणी पाहा.

मग देण्यापूर्वीचा आणि नंतरचा नमुना सेंट्रिफ्यूज करून प्लाझ्माचा रंग शेजारी धरून पाहा. नंतरच्या नमुन्यावर डायरेक्ट कूम्ब्स लावा, दोन्हींचा गट पुन्हा करा. इथेही शांत ट्यूब फसवू शकते. दात्याच्या सगळ्या पेशी आधीच फुटून गेल्या असतील तर अँटिबॉडी बसायला पेशीच उरत नाहीत आणि डायरेक्ट कूम्ब्स निगेटिव्ह येतो. म्हणून प्लाझ्माचा रंग, लघवी आणि गट यांच्यासोबतच तो वाचायचा. हे सगळं करायला देण्यापूर्वीचा नमुना आणि पिशवीच्या नळीचा तुकडा हाताशी लागतो. दोन्ही रक्त दिल्यानंतर किमान 7 दिवस फ्रिजमध्ये, रुग्णाच्या नावाने शोधता येतील असे लावून ठेवा.